हाताचं वळण

तेवीस वर्षांत रोहिणी डोंगरदिवेवर नोकरी शोधायची वेळ आली नव्हती, त्यामुळे ती शोधायची कशी हेच ती विसरून गेली होती. वाळूजच्या ज्या कारखान्यात ती डेअऱ्यांसाठी आणि औषध कंपन्यांसाठी स्टीलच्या टाक्या वेल्डिंगनं जोडायची, त्या कारखान्यानं सरळ जोडांचं काम यंत्रमानवांकडे सोपवलं आणि उरलेला विभाग दुसऱ्या राज्यात हलवला. यंत्रमानव ते काम शिकले होते रोहिणीसारख्यांच्याच हातांकडून. निरोप समारंभ झाला, प्रत्येकाला शाल आणि मिठाईचा डबा मिळाला, आणि सोमवारी सकाळी सवयीनं साडेसहाला पोळीभाजी बांधून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आता जायचं कुठंच नाही.

तरी ती गेली. डबा पिशवीत टाकून रोजगार सेवा केंद्रात जाऊन बसली.

"अर्ज राहू द्या," तिथल्या अधिकारी फरहाना सय्यद म्हणाल्या. त्यांनी तिच्यापुढं कोरा कागद सरकवला. "आधी माणसं. तुमचं काम ज्यांनी बघितलंय अशा दहा जणांची नावं लिहा. जाहिरात निघेपर्यंत अर्ध्या जागा कुणाच्या ना कुणाच्या शब्दावर भरलेल्या असतात. तो शब्द कोण टाकेल, ते बघू."

रोहिणीनं लिहिलं: देशमाने सर. मग कंसात लिहिलं: वारले. पुढं पेन चालेना.

"वारलेल्यांना फोन कसा लावायचा?" फरहानाबाई हसत म्हणाल्या.

"मॅडम, आठ-आठ तास माझं तोंड काचेमागं असायचं. टाकीच्या पोटात शिरून काम. ओळखी करणार कधी?" रोहिणीचा आवाज जरा चढला, आणि मग खाली आला. "सेहेचाळीस वर्षांची झाले. मला कुणी ओळखत नाही, ही काही माझी चूक नाही."

"चूक कोण म्हणतंय? तोंड ओळखत नसतील तर आपण हाताला विचारू," फरहानाबाई म्हणाल्या आणि त्यांनी संमतीचा फॉर्म काढला.

गोष्ट तशी समजायला सोपी होती. बारा-तेरा वर्षांपूर्वी दाबाखालच्या टाक्या फुटून काही अपघात झाले, तेव्हा विमा कंपन्यांनी अट घातली की प्रत्येक वेल्डिंग सेटमध्ये नोंदयंत्र हवंच. करंट किती, हातातला वेल्डिंगचा टॉर्च कोणत्या वेगानं सरकला, हात किती थरथरला, वितळत्या धातूत तार कितीदा बुडवली, हे सगळं एका सेकंदात हजारो वेळा टिपलं जाऊ लागलं. हेतू एवढाच, की जोड फुटला तर चूक कुठं झाली ते कळावं. पण नोंदींच्या त्या ढिगात संशोधकांना भलतंच काही सापडलं. अक्षराला असतं तसं वेल्डरच्या हातालाही वळण असतं. नाव झाकलं तरी जोड कुणाचा ते सांगता येतं.

त्याहून मोठा शोध पुढं लागला. हे वळण शिकवणाऱ्याकडून शिकणाऱ्याच्या हातात उतरतं. पहिल्या वर्षात हात ज्या लकबी उचलतो, म्हणजे कोपर कुठं टेकवायचं, श्वास कधी सोडायचा, कोपऱ्यावर थांबायचं की सरकत राहायचं, त्या लहान मेंदूत बोलीच्या हेलासारख्या पक्क्या बसतात. पुढं माणूस वीस ठिकाणी काम करो, वरचे थर बदलतात, तळ तसाच राहतो. हे तळाचे थर एकमेकांशी जुळवले, त्यांना वयाची आणि कामाच्या तारखांची जोड दिली, की कुणाचा हात कुणाच्या हातातून आला त्याचं झाड काढता येतं. भाषांच्या कुळांचं काढतात तसंच. या पद्धतीला सगळे 'वळणशोध' म्हणायचे.

आणि एकदा झाड काढता येऊ लागल्यावर बाजार गप्प बसतो थोडाच! गवयांची असतात तशी वेल्डरांची घराणी झाली. कोणत्या घराण्याचे जोड कमी फुटतात याच्या याद्या निघाल्या. परदेशी गिऱ्हाइकं आपल्या टाक्यांवर ठरावीक चारच घराण्यांचे हात चालतील असं करारात लिहू लागली. त्या चारांतलं एक घराणं होतं औरंगाबादच्या आयटीआयमध्ये तीस वर्षं शिकवलेल्या देशमाने सरांचं.

संध्याकाळी रोहिणीनं हे सांगितलं तेव्हा तिचा नवरा सुधाकर चहा पिता पिता खदखदून हसला. तो शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. "घराणं म्हणे! आपल्याला आजवर कुणी घराणं विचारलं होतं का? आणि विचारलं तर ते वेल्डिंगचं!"

"हसा," ती म्हणाली. "पण देशमाने सरांच्या हाताखाली दोन वर्षं होते मी. सर्टिफिकेटवर सही आहे त्यांची."

गुरुवारी झाड तयार झालं. फरहानाबाईंनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. मधोमध रोहिणीचं नाव होतं आणि त्याखाली फांद्यांना फांद्या फुटलेल्या.

"अडतीस," फरहानाबाई म्हणाल्या. "तुमच्या हातातून आलेले, आणि ज्यांनी संमती दिलीय असे अडतीस हात."

चार नावं ओळखीची होती. जेवणाच्या सुट्टीत ज्यांना तिनं भंगार पत्र्यावर हात धरून शिकवलं होतं त्या मुली. ते शिकवणं कुठल्या कागदावर नव्हतं, सुपरवायझर तर त्यावरून ओरडायचा. बाकीची चौतीस नावं तिनं कधी ऐकलीसुद्धा नव्हती. चाकण, रत्नागिरी, भरूच, कुणी थेट ओमानात.

"यांना फोन करायचे," फरहानाबाई म्हणाल्या. "नोकरी मागायची नाही. आपण कोण ते सांगायचं, समोरचा काय करतो ते विचारायचं. मागणं आपोआप कळतं माणसाला."

मग त्यांनी पडद्याच्या वरच्या टोकाला बोट लावलं. "आणि वर एक नाव आहे."

वर देशमाने सर असणार हे रोहिणीनं धरूनच चाललं होतं. ते होतेही, पण कडेला, बारीक तुटक रेघेनं जोडलेले. जाड रेघ दुसऱ्याच नावाकडं जात होती. यमुना वाहुळे. जालना.

रोहिणीचे कान तापले. फरहानाबाईंना ते दिसलं असावं, पण त्यांनी विचारलं नाही. रोहिणीनंच विचारलं, "काय करतात त्या तिथं?"

"कारखान्याच्या नोंदीत 'मदतनीस' आहे. कंत्राटी. सर्टिफिकेट नाही त्यांच्याकडं."

पहिला फोन रोहिणीनं ओळखीच्या नावाला लावला. चार ओळखीच्यांतली सुचिता आता चाकणच्या एका मोठ्या कंपनीत होती. "ताई!" ती इतक्या जोरात ओरडली की सुधाकर आतून बाहेर आला. "ताई, इथं मी पोरींना सांगते, कोपर टेकव, रोहिणीताईंसारखं. त्यांना वाटतं रोहिणीताई म्हणून कुणी देवीच असावी."

अर्धा तास दोघी बोलल्या. फोन ठेवताना सुचिता म्हणाली, "आमच्याकडं हातकामाचा प्रशिक्षक हवाय. यंत्रमानव वाकड्या जागी अजूनही मार खातो. पण गिऱ्हाईक परदेशी आहे, देशमाने घराण्यातलाच माणूस पाहिजे. तुम्ही तर सरांच्याच! मी आजच शब्द टाकते."

दोन दिवसांत चाकणहून बोलावणं आलं. फॉर्म सोपा होता. एक रकाना होता: मुख्य गुरू. नाव एकच लिहायचं.

"देशमाने सरांचं लिहिलंत तर खोटं ठरणार नाही," फरहानाबाईंनी स्पष्ट सांगितलं. "त्यांनी शिकवलंय, सही आहे, तुटक का होईना रेघ आहे. कंपनीला तेवढं पुरतं. पण नियम काय आहे तेही सांगते, म्हणजे नंतर मला बोल लावायला नको. वीस वर्षांहून जास्त अनुभव असलेल्या सर्टिफिकेटवाल्या वेल्डरनं कुणाला मुख्य गुरू म्हणून लिहिलं, आणि झाडात जाड रेघ असली, तर त्या माणसाला परीक्षा न देता प्रशिक्षकाचा दाखला मिळतो."

"म्हणजे मी वाहुळेबाईंचं नाव लिहिलं तर..."

"त्या मदतनीस राहणार नाहीत. आणि तुम्ही देशमाने घराण्यात राहणार नाही. चाकण विसरायचं."

रविवारी सकाळच्या एसटीनं रोहिणी जालन्याला निघाली. कशासाठी चाललो आहोत ते तिचं तिलाच धड सांगता आलं नसतं. खिडकीतून बघताना मात्र तिला काळे मालकांची पत्र्याची शेड आठवत होती.

आयटीआयतून निघाल्यावरची तिची पहिली नोकरी तिथली. ती बावीस वर्षांची, हातात कोरं सर्टिफिकेट. यमुना एकतीस वर्षांची, ग्राइंडर मारायला आणि झाडायला ठेवलेली, पण मालक नसला की शेडमधले सगळ्यात देखणे जोड तीच करायची. देशमाने सरांनी रोहिणीला करंट, धातू, वायू, सगळं समजावलं होतं. पण चाळीस मुलांच्या वर्गात हात धरायला त्यांना वेळ कुठून मिळणार? हात धरला तो यमुनानं. वर्षभर, रोज.

मग एका डेअरीचा तपासनीस आला. रोहिणीनं एक नमुना जोड करून दाखवायचा होता, त्यावर शेडला मोठं काम मिळणार होतं. घाबरून तिनं पत्रा जाळला. जेवणाच्या सुट्टीत यमुनानं गुपचूप दुसरा जोड करून त्याजागी ठेवला. तपासनिसानं भिंग लावून बघितला, पुन्हा बघितला आणि विचारलं, "हात कुणाचा?"

"माझा," रोहिणी म्हणाली होती.

तोच तपासनीस पुढच्या आठवड्यात तिला मोठ्या कारखान्यात घेऊन गेला. ती पुन्हा शेडकडे फिरकली नाही. तेवीस वर्षांचा पगार, वाळूजचं घर, मुलीचं इंजिनिअरिंग, सगळं त्या एका जोडावर उभं होतं. दरवर्षी गुरुपौर्णिमेला ती देशमाने सरांना फोन करायची. यमुनाचं नाव तिनं घरातसुद्धा काढलं नव्हतं.

जालन्याच्या एमआयडीसीत बियाणं साफ करायची यंत्रं बनवणारा कारखाना होता. रविवार असूनही एका कोपऱ्यात काम चालू होतं. चष्मा लावलेली, केस पिकलेली, बुटकी बाई ग्राइंडरवर टंग्स्टनच्या काडीला टोक काढत होती.

"यमुनाताई," रोहिणी म्हणाली. "मी रोहिणी. काळ्यांच्या शेडमधली."

यमुनाबाईंनी मान वर केली नाही. काडीला टोक आलं, मग ग्राइंडर बंद केलं, मग चष्मा कपाळावर सरकवला.

"आलीस व्हय," त्या म्हणाल्या. "वाळूजहून जालन्याला यायला तेवीस वर्षं लागली. एसटी बंद होती का?"

रोहिणी उभ्यानंच म्हणाली, "तो जोड तुमचा होता. मी माझा म्हणाले."

"मग? मलाच सांगायलीस होय? मीच केलता की तो."

"तुम्हाला राग आला असेल."

"आलता," यमुनाबाई सरळ म्हणाल्या. त्यांनी स्टूल तिच्याकडं ढकललं. "बस. तू माझा म्हणलीस त्याचा नव्हता. सर्टिफिकेटवर तुझा फोटो होता, माझा कुठंच नव्हता. कुणाच्या तरी नावानं जोड पास व्हायला पाहिजे होता, नाहीतर शेड बंद पडत होती. म्हणून तर ठेवला मी. पण म्हणताना एकदा माझ्याकडं बघशील असं वाटलं होतं. तू बघितलं नाहीस."

रोहिणीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबवायचा तिनं प्रयत्नही केला नाही. यमुनाबाईंनी तिला रडू दिलं. समजूत काढायला त्या पुढं आल्या नाहीत, पण उठूनही गेल्या नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी खुंटीवरचं हेल्मेट काढून तिच्या मांडीवर ठेवलं.

"घाल. बघू माझ्या हाताचं काय केलंस ते."

रोहिणीनं डोळे पुसले, कोपर टेकवलं आणि दोन पाइपांचा जोड घ्यायला सुरुवात केली. यमुनाबाई दुसरी काच डोळ्यांपुढं धरून वाकून बघत होत्या. निम्मा जोड झाल्यावर त्या म्हणाल्या, "थांब. वळणावर तार उशिरा देतीस. हे मी नव्हतं शिकवलं."

"औषधाच्या टाक्यांना आतून गाठ चालत नाही. करता करता सापडलं."

"पुन्हा कर."

रोहिणीनं पुन्हा केलं. यमुनाबाईंनी पाइपात बोट घालून आतून फिरवलं, बराच वेळ फिरवलं. मग स्वतः हेल्मेट चढवलं आणि म्हणाल्या, "मलाबी दाखव."

तासभर दोघी त्या एका वळणावर होत्या. तीनदा यमुनाबाईंचं चुकलं, चौथ्यांदा जमलं, आणि काच वर करून त्या अशा हसल्या की रोहिणीला शेडमधली एकतीस वर्षांची यमुना समोर दिसली. दुपारी दोघींनी रोहिणीच्या डब्यातली शेपूची भाजी खाल्ली. नोकरीचा विषय रोहिणीनं काढला नाही आणि फॉर्मबद्दलही काही बोलली नाही. परतीच्या एसटीत जालना मागं पडलं तेव्हा तिनं फोन काढला, मुख्य गुरूच्या रकान्यात यमुना वाहुळे असं लिहिलं आणि फॉर्म पाठवून दिला. छातीवरचा दगड उतरल्यासारखं होईल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. भीती वाटली, आणि त्या भीतीत एक विलक्षण समाधानही होतं.

"ताई, असं का केलंत?" सुचिता फोनवर जवळजवळ रडायलाच आली. "एक नाव तर होतं!"

"तुझ्याही हातात त्याच बाई आहेत, सुचिता. तुला आजवर सांगितलं नाही, ही माझी चूक."

चाकणचं दार बंद झालं. सुधाकर दोन दिवस कामावरून उशिरा घरी आला. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मला आधी सांगायचंस. अडवलं नसतं मी." आणि खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला. "अडतीसमधले किती फोन राहिलेत?"

राहिलेले सगळे फोन तिनं केले. रोज सकाळी एक. पहिल्यांदा अवघडायला व्हायचं, मग गोडी लागली. भरूचच्या मुलीनं तिला आपल्या बाळाचा आवाज ऐकवला. ओमानातल्या एकानं विचारलं की उन्हाळ्यात हात घामानं घसरतो त्यावर काय करता. प्रत्येकाला ती सांगायची, की तुझा हात जालन्याच्या यमुनाबाईंचा आहे. नोकरी मात्र कुणाकडं नव्हती. महिना उलटला. केंद्रात फरहानाबाई चहा मागवायच्या आणि म्हणायच्या, "पेरणी चाललीय. उकरून बघू नका."

एकतिसावा फोन रत्नागिरीला लागला. आफरीन मुकादम. सुचितानं तिथल्या गोदीत दोन वर्षं काढली होती, तेव्हा ही तिच्याकडून शिकलेली.

"म्हणजे तुम्ही माझ्या आजीगुरू!" आफरीन म्हणाली. खाडीतून चालणाऱ्या हायड्रोजनच्या फेरीबोटी बांधायचं काम त्यांनी नुकतंच घेतलं होतं. "पाइप इतके आडवेतिडवे आहेत की यंत्रमानवाचा हात शिरत नाही. दहा पोरी घेतल्यात, त्यांना शिकवायला कुणी नाही. आमच्या साहेबांना घराणंबिराणं काही नको, जोड गळला नाही म्हणजे झालं. पण तुम्ही एवढ्या लांब याल का?"

रोहिणीनं सुधाकरकडे बघितलं. त्यानं दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "बसगाड्या रत्नागिरीतही बिघडत असतील की."

पुढच्या आठवड्यात तिनं गोदीत जाऊन एक जोड करून दाखवला. "हात कुणाचा?" असं तिथं कुणी विचारलं नाही, तरी तिनं सांगितलं. नोकरी मिळाली. त्या संध्याकाळी तिनं फरहानाबाईंना, सुचिताला, आफरीनला आणि उरलेल्या सगळ्यांना आभाराचा एकेक फोन केला. शेवटच्या फोनपर्यंत तिचा आवाज बसला होता.

रत्नागिरीला निघण्याआधी एक काम उरलं होतं. गुरूच्या नोंदीवर दोघींच्या सह्या लागत होत्या, त्याची तारीख जालन्याच्या सरकारी कचेरीत लागली. यमुनाबाई इस्त्री केलेलं निळं पातळ नेसून आल्या होत्या. रोहिणीनं सही केली, यमुनाबाईंनी सावकाश, एकेक अक्षर जोडत केली. टेबलामागच्या तरुण कारकून बाईंनी दाखला छापून त्यांच्या हातात दिला.

"प्रशिक्षक," यमुनाबाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. रोहिणीच्या दंडाला त्यांनी हात लावला आणि तो काढला नाही.

"एक रकाना राहिला," कारकून बाई म्हणाल्या. "तुमच्या वरच्या गुरूंचा. वळणशोधाला वर काही सापडलेलं नाही. असं असलं की आम्ही 'स्वयंभू' लिहितो."

"स्वयंभू म्हंजी?"

"आपोआप शिकलेले."

"आपोआप कोण शिकतंय बाई?" यमुनाबाई म्हणाल्या. "कासिमचाचांनी शिकवलं मला. कदीम जालन्यात लोखंडी फाटकं बनवायचे. मी पंधरा वर्षांची होते, कोळसा द्यायला जायचे त्यांच्याकडं. एक दिवस म्हणले, बघत काय बसलीस, धर. त्यांचं लिहा."

"मावशी, ते कधी वारले?"

"नोंदयंत्रं यायच्या लई आधी."

"मग त्यांची नोंद कुठंच नसणार. नुसत्या सांगण्यावरून मला लिहिता येत नाही. काहीतरी पुरावा लागतो."

रोहिणी काहीतरी बोलायला पुढं झाली, पण यमुनाबाईंनी तिला डोळ्यांनीच थांबवलं. दाखला बाजूला ठेवून त्यांनी आपला उजवा हात टेबलावर ठेवला, तळवा वर करून. बोटांवर जुन्या ठिणग्यांचे पांढरे डाग होते, अंगठ्याजवळ घट्टा होता.

कारकून बाई त्या हाताकडे बघत राहिल्या. मागं रांगेत कुणीतरी खाकरलं. मग त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला.

"कासिम," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "पुढं काय?"

"पुढचं म्हाईत नाही," यमुनाबाई म्हणाल्या. "फाटकवाले लिहा."